ओदीलचे पंधरा सूर्य

दहा दिवस लागून राहिलेला पाऊस शुक्रवारी दुपारी थांबला, आणि त्याच दुपारी शाळेतून निरोप आला की ओदीलच्या घरचं कुणीतरी येऊन भेटावं. रोझेर सिर्वा चिखलाच्या बुटांनीच निघाला. त्याची बायको गिस्लेन दोन वाजताच वृद्धाश्रमातल्या कामावर गेली होती, नाहीतर शाळेच्या पायरीला त्याचे पाय लागले नसते. लग्नाला बारा वर्षं झाली. कागदाचं काम तिचं आणि मातीचं काम त्याचं, ही वाटणी कुणी काही न बोलता होऊन गेली होती.

सोमवारपासून बटाटे काढायची तीन आठवड्यांची सुट्टी, म्हणून पहिलीचा वर्ग लवकर रिकामा झाला होता. सहा वर्षांची ओदील तेवढी फळ्यासमोर उभी होती. फळा म्हणजे कोठाराच्या दारापेक्षा रुंद अशी उजळ काच, आणि तिच्यावर अक्षरं तरंगत होती. अक्षराला बोट लावलं की ते आपला आवाज काढायचं. बोटानं ओढून दुसऱ्याशेजारी नेऊन ठेवलं की दोघं मिळून एक नवाच आवाज काढायची.

"बघा हं," प्रिसीलबाई म्हणाल्या.

ओदीलनं एक अक्षर दाबलं, मग दुसरं, मग तिसरं. तिघांनी आपापला आवाज काढला. पुढं काय करायचं ते न सुचून पोरगी त्यांच्याकडं बघत राहिली, आणि तीही तिच्याकडं बघत राहिल्यासारखी वाटली.

"अक्षरं ओळखते, पण जोडत नाही," बाई म्हणाल्या. "घरी फ्रेंच, शाळेत इंग्रजी, हे मला कळतं. मीही याच खोऱ्यातली आहे. पण तीन आठवडे गेले की आहे तेवढंही उडून जाईल."

रोझेर त्या एवढ्याशा खुर्चीत बसला होता आणि त्याचे गुडघे छातीशी आले होते. वर्गात डिंकाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. या वासानं त्याला तिसावर वर्षं मागं नेलं. दुसरीत तो दोनदा बसला होता, चौथीत एकदा. बाकाखाली पाय मावत नव्हते तरी त्याला धाकट्या पोरांच्यात बसवलं होतं, आणि ती पोरं त्याला 'आजोबा' म्हणायची. एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. त्या जोरावर त्यानं दुसऱ्यांचं ऐकून, पाठ करून, पुस्तक उलटं धरलंय की सुलटं हे शेजाऱ्याकडं बघून ठरवून शाळा कशीबशी रेटली. अक्षरं त्याला ओळखू यायची. ती जोडायची कशी, हे मात्र त्याला कुणी दाखवलं नाही, किंवा दाखवलं तेव्हा तो बटाट्याच्या शेतात होता.

बाईंनी पाटीएवढा एक टॅब त्याच्या हातात दिला. रोज सकाळी त्यात एक नवं छोटं पुस्तक उघडेल. ओदीलनं ते मोठ्यानं वाचायचं, अडली तर टॅबमधली बाई तिला आवाज जोडून दाखवेल. वाचून झालं की पडद्यावर सूर्य येईल. शेजारी बसून ज्या मोठ्या माणसानं ऐकलं त्यानं स्वतःच्या बोटानं तो दाबायचा, म्हणजे तो वर चढेल. पंधरा दिवसांचे पंधरा सूर्य.

"दहा तरी हवेत," बाई म्हणाल्या. "त्याहून कमी भरले तर सुट्टीनंतर तिला बालवर्गात परत बसवायचं, असं वरून ठरलंय. माझ्या हातात नाही ते."

ओदील ऐकत होती. तिनं बापाकडं बघितलं.

"आई बसेल ना तिच्याजवळ?" बाईंनी विचारलं.

"ती रात्री अकराला येते. सकाळी झोपलेली असते," रोझेर म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी बसेन."

ट्रकपर्यंत येता येता त्याला घाम फुटला.

सोमवारी सरहद्दीच्या नदीवर इतकं धुकं होतं की पलीकडचा कॅनडा कुणी रात्रीत उचलून नेल्यासारखा वाटत होता. सहाला ते शेतात होते, पण सहाला बटाटे काढता येत नाहीत. रात्रीच्या गारठ्यानं माती थंड पडलेली असते, आणि थंड बटाट्याला नुसता धक्का लागला तरी तो आतून काळा पडतो. सूर्य वर येऊन मातीला ऊब येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, हा तिथला रिवाज. रोझेर दर पंधरा मिनिटांनी खाली उतरून सरीत हात खुपसायचा, पुन्हा ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये येऊन बसायचा. शेजारच्या लहान सीटवर ओदील घोंगडीत गुंडाळलेली होती. तिच्या मांडीवर टॅब होता, आणि डब्यात प्लोय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची पिवळी धिरडी, काकवी लावून गुंडाळून ठेवलेली होती.

पहिलं पुस्तक एका कोल्ह्याचं होतं. कोल्ह्याची टोपी हरवली होती. ओदील एकेका अक्षरापाशी थांबे, आवाज काढे, पुढच्या अक्षरापाशी पुन्हा थांबे. मग टॅबमधली बाई बोले. पाण्यापलीकडून कुणी बोलावं तसा तिचा आवाज होता, न रागावणारा, न कंटाळणारा. ती तेच आवाज हळूहळू जवळ आणायची, आणखी जवळ, आणि त्यांचा शब्द होऊन जायचा. रोझेर काचेबाहेरच्या पांढऱ्या धुक्याकडं बघत ऐकत होता. त्याचे ओठ हलत होते हे त्याला कळलं नाही.

वीस मिनिटांनी कोल्ह्याला टोपी सापडली. पडद्यावर एक लालसर सूर्य अर्धा उगवून थांबला.

"दाब पापा," ओदील म्हणाली.

त्यानं बोट पँटला स्वच्छ पुसलं. पुस्तकाला मळके हात लावायचे नाहीत, एवढं एक शाळेतलं त्याच्या अंगात भिनलं होतं. बोट लावलं. सूर्य हलला नाही. त्यानं पुन्हा पुसलं, चांगलं खसाखसा, अगदी कोरडं केलं आणि लावलं. मग मधलं बोट लावलं, मग अंगठा. ओदीलनं नुसतं करंगळीचं टोक टेकवलं तरी पानं उलटत होती, आणि त्याच्या दहा बोटांना ती काच दाद देईना. शेवटी काही वेळानं सूर्य विझला आणि सुरुवातीचं चित्र आलं.

"तुला ओळखत नाही तो," ओदील म्हणाली.

रोझेरनं आपले हात बघितले. टोकं खुरासारखी झालेली, भेगांत काळी माती बसलेली. पण हातांचा विचार त्याच्या मनात टिकला नाही. त्याला दुसरंच वाटलं, आणि एकदा वाटलं ते गेलं नाही. या यंत्राला आवाज ऐकू येतो, कोण अडलं ते कळतं, कुणाला काय येत नाही ते कळतं. मग ऐकायला बसलेल्या माणसाला वाचता येतं की नाही, हे त्याला कळणार नाही कशावरून? शाळेतल्या मास्तरांना फसवलं, पाद्र्याला फसवलं, बँकेतल्या पोरीला चष्मा घरी राहिला म्हणून फसवलं. ही काच काही फसली नव्हती.

"मी दाबू?" ओदीलनं विचारलं.

"नाही. बाईंनी मोठ्या माणसानं म्हटलंय."

"कुणाला कळणार आहे?"

"तुला कळेल," तो म्हणाला, आणि माती बघायला खाली उतरला.

हसायचं तर हसा, पण त्याचं त्यात एक म्हणणं होतं. त्याचं सगळं शिक्षण लबाडीत गेलं होतं. पोरीचं तरी पहिलं पान खरं असावं, असं त्याला वाटत होतं. पण आपण स्वतः तोंड शिवून बसलो, ही लबाडी त्याच्या खिजगणतीत नव्हती.

मग दिवस एकामागून एक गेले. पावसानं खाल्लेले दहा दिवस भरून काढायचे होते. ट्रॅक्टरमागच्या काढणीयंत्रावर चौघं उभी राहून सरकत्या पट्ट्यावरून दगड, वेली आणि सडके बटाटे वेचून फेकत. गिस्लेनचा मामा, सत्तरीतला एर्वे, शेजारून ट्रक चालवे. सगळं एका लयीत डोलत पुढं जायचं. धूळ उठायची, ती सोनेरी होऊन शेतावर तरंगायची, आणि दुपारी डोळे मिटले तरी पापण्यांमागं बटाटे वाहत राहायचे. रोझेरला कधी कधी वाटे की पट्ट्यावरून बटाटे नाही, अक्षरंच चाललीत, एकमेकांना घासत, आणि शेजारच्या ट्रकात कोसळून त्यांचे शब्द होताहेत. मग कुणीतरी शिट्टी मारे, कारण सरी सोडून ट्रॅक्टर बाजूला जात असे.

रोज सकाळी धुक्यात मात्र पुस्तक व्हायचं. दुसऱ्या दिवशी बदकाचं, तिसऱ्या दिवशी पाव भाजणाऱ्या म्हातारीचं. रोज शेवटी सूर्य यायचा, रोज तो बोट पुसून पुसून लावायचा आणि रोज सूर्य विझायचा. नंतर नंतर ओदील त्याच्याकडं बघायचीही नाही. टॅब बंद करून ती धिरडी खायला घ्यायची. तेवढ्यानं त्याला कुणी तोंडावर थुंकल्यासारखं व्हायचं.

सहाव्या दिवशी ओदीलनं तीन अक्षरं टॅबमधल्या बाईआधी जोडली. ती दचकून थांबली. तिनं परत केलं, परत तो शब्द झाला.

"पापा, चिकटली," ती हळूच म्हणाली.

"दाखव," तो म्हणाला. तिनं बोट फिरवलं, आणि तो तिच्या मागोमाग तो शब्द म्हणाला. मग हे रोजचंच झालं. ती म्हणायची, अर्ध्या श्वासानं मागून तो म्हणायचा, बाहेर धुकं विरायला लागायचं आणि सरींच्या रेघा एकेक करून दिसू लागायच्या. सगळ्या दिवसात त्याला तेवढाच वेळ आपला वाटायचा. पाठ होतंय आपल्याला, दुसरं काय, असं तो मनाशी म्हणे.

दुपारच्या जेवणाला सगळे ट्रकच्या सावलीत बसत. एर्वेमामा पेपर आणायचा आणि तो ठरल्यासारखा रोझेरपुढं धरायचा.

"जावईबापू, हवामान वाचून दाखव बघू. माझे डोळे गेले."

"माझा चष्मा घरी राहिला, मामा."

"एवढी वर्षं तुझा चष्मा घरीच राहतोय. एकदा त्यालाच ट्रॅक्टरवर पाठव, तू राहा घरी."

सगळे हसायचे, रोझेरही हसायचा. एर्वेमामा मग स्वतःच वाचून दाखवायचा. शनिवारपर्यंत कडक थंडी येणार होती, जमीन गोठणार होती.

रात्री गिस्लेन यायची तेव्हा तो अर्धा झोपेत असे. ती अंधारातच विचारायची, "झालं का आजचं?" तो म्हणायचा, "झालं." ती त्याच्या पाठीवर हात ठेवून झोपून जायची. पुस्तक झालेलं असायचं, त्यामुळं शब्द खोटा नव्हता. पण त्या हाताखाली त्याची पाठ ताठ राहायची.

बाराव्या दिवशी हिमाचा पहिला पापुद्रा वेलींवर पडला. माती गरम व्हायला नऊ वाजले. पुस्तक होतं एका होडीचं, ती दोर सुटून नदीतून एकटीच वाहत निघालेली. चार पानं वाचून ओदीलचा आवाज मंदावला आणि तिचं डोकं त्याच्या दंडावर आलं. केबिनमधल्या उबेनं तिला झोप लागली होती. होडी अजून वाहतच होती. रोझेरनं इंजिन बंद केलं. तिला उठवावं असं त्याला वाटेना, आणि होडीचं काय होतं हे कळल्याशिवाय त्याला चैन पडेना. तिच्याच झोपलेल्या बोटानं तो पानं उलटत राहिला. बाहेर रानबदकांचा थवा कोकलत दक्षिणेला निघाला होता. होडी शेवटी एका बेटाला लागली. तिथं सूर्य उगवला, थोडा वेळ थांबला आणि विझला. रोझेरनं त्याला बोट लावलंच नाही.

पंधराव्या दिवशी, शुक्रवारी, साडेसातलाच पुस्तक संपलं. तो शेवटचा सूर्य होता. रोझेरनं बोट पुसलं, लावलं, परत पुसलं. केबिनचं दार उघडून एर्वेमामा पायरीवर केव्हा चढला, हे त्याला कळलंच नाही.

"काय करतोयस रे?"

"दाबतोय. घेत नाही."

"पापाचं घेतच नाही," ओदील म्हणाली. "पंधरा दिवस झाले. पापा म्हणतो खोटं दाबायचं नाही. आता मी बालवर्गात जाणार."

म्हाताऱ्यानं रोझेरकडं बघितलं. रोझेर बाहेर बघत होता. एर्वेमामानं खाली उतरून सरीतून एक बटाटा उपटला, परत पायरीवर येऊन चाकूनं त्याची चकती कापली आणि ओली चकती रोझेरच्या बोटात दिली.

"लाव."

रोझेरनं चकती काचेला टेकवली. सूर्य टुणकन वर चढला.

एर्वेमामा हसता हसता खोकायला लागला, पायरीवरून पडता पडता वाचला. "अरे लेका, वाळलेलं कातडं काचेला कळत नाही. ओलं काहीतरी लागतं. मी लेकीचा फोन बटाट्यानंच दाबतो. अर्ध्या मैलात बटाटे पसरलेत आणि हा उपाशी बसलाय. तोंड नव्हतं का विचारायला?"

मग त्याचं हसू थांबलं, कारण रोझेरचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला वाटलं," रोझेर म्हणाला, "मला वाचता येत नाही, ते त्याला कळतं."

एर्वेमामानं टोपी काढली, परत घातली. पेपर आजपासून त्याच्यापुढं धरायचा नाही एवढं त्यानं त्याच क्षणी ठरवलं असावं, कारण नंतर त्यानं तो कधी धरला नाही. "माती बघतो मी," असं म्हणून तो खाली उतरला.

पंधरातला एक सूर्य. ओदील तो वर चढलेला सूर्य पुन्हा पुन्हा बघत होती आणि रोझेर हातातली बटाट्याची चकती बघत होता. यंत्राचा दोष असता तर बरं होतं. एक वाक्य, फक्त एक वाक्य कुणापाशी बोलला असता, तर चौदा सकाळी वाया गेल्या नसत्या. त्याच्या लाजेची किंमत पोरीनं मोजायची होती. आता तिचे गुडघे त्या बाकाला लागणार होते.

शनिवारी संध्याकाळी शेवटची सरी निघाली. त्या रात्री जमीन गोठली. रविवारी गिस्लेनला सुट्टी होती, तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. ती कोंबडीचा रस्सा ढवळत होती. ढवळायची थांबली नाही.

"रोज झालं म्हणायचास."

"वाचून व्हायचं."

"मला परकी समजलास का रे?"

"नाही. मला लाज वाटली."

तिनं चमचा भांड्याच्या काठावर आपटला आणि ती म्हणाली, "उद्या शाळेत तूच जा. मी येणार नाही. बोलायला मी, लिहायला मी, आणि तुझी लाज सांगायलाही मीच जाऊ काय?"

सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आधी तो ओदीलचा हात धरून वर्गात उभा राहिला. हात जितके घासता आले तितके घासले होते, तरी भेगा काळ्याच होत्या. प्रिसीलबाईंच्या समोर यादी होती आणि ओदीलच्या नावापुढं एकच सूर्य होता.

"बाई, तिची चूक नाही," रोझेर म्हणाला. हे तो ट्रकमध्ये बारा वेळा पाठ करून आला होता, पण पुढचं सगळं विसरला. "मला वाचता येत नाही. माझं बोट घेत नव्हतं, तर मला वाटलं यंत्राला कळलंय. म्हणून मी कुणाला विचारलं नाही. ती रोज वाचायची. मी शेजारी होतो. परत बसवायचं तर मला बसवा."

बाईंनी टॅब मोठ्या फळ्याला जोडला. "सूर्य मोजायला यंत्र आहे," त्या म्हणाल्या. "ऐकायला मला कान आहेत. हा टॅब रोजचा आवाज साठवून ठेवतो."

वर्गात ट्रॅक्टरची घरघर सुरू झाली. तिच्यातून ओदीलचा आवाज आला, तुटक, एकेका अक्षरापाशी थांबणारा. बाईंनी पुढचा दिवस लावला, त्याच्या पुढचा. सहाव्या दिवशी पोरगी म्हणाली, 'पापा, चिकटली.' बाई हसल्या आणि यादीवर काहीतरी लिहू लागल्या. त्या दिवसापासून ओदीलच्या मागं एक जाडसर आवाज येत होता, अर्ध्या श्वासानं मागून. रोझेर कानापर्यंत लाल झाला.

बाराव्या दिवशी ओदीलचा आवाज मंदावून थांबला. इंजिन बंद पडलं. वर्गात एकदम शांत झालं. दूर रानबदकं ओरडली, आणि मग तो जाडसर आवाज एकटाच बोलू लागला. अडखळत, एक शब्द दोनदा घेत, पण पान संपवून पुढच्या पानावर जात. होडी वळणावरून गेली, पुलाखालून गेली आणि बेटाला लागली.

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "हे कोण वाचतंय?"

"पाठ झालं असेल, बाई," रोझेर घाईघाईनं म्हणाला. "मला एकदा ऐकलं की पाठ होतं. लहानपणापासूनची खोड आहे."

"कुणाकडून ऐकलंत?"

"ओदीलकडून."

"मी झोपले होते," ओदील म्हणाली.

"पुस्तक त्या सकाळीच पहिल्यांदा उघडलं होतं," बाई म्हणाल्या. "रोज नवं येतं. हे तुम्हाला कुणीच वाचून दाखवलेलं नव्हतं, रोझेर."

रोझेर उभा होता तो शेजारच्या एवढ्याशा खुर्चीत बसला. गुडघे छातीशी आले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यानं पुसलंही नाही.

बाईंनी फळ्यावर चौदा अर्धे सूर्य एका ओळीत आणले. "तुम्ही ऐकलंत, हे मी ऐकलंय. दाबा. हा फळा हातमोजा लावला तरी ओळखतो, काठी लावली तरी ओळखतो."

तो उठला. सवयीनं बोट पुसायला गेला आणि थांबला. तसंच भेगाळलेलं बोट त्यानं काचेला टेकवलं. सूर्य चढला. दुसरा चढला, तिसरा चढला, आणि ओदील मोठ्यानं मोजू लागली. अकरा मोजून ती थांबली.

"हा बाराव्या दिवसाचा, होडीचा," ती म्हणाली. "हा नको. हा मी वाचलाच नाही. तू वाचलास."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग तो वाचेल आणि मी ऐकेन. ऐकलं की मी दाबेन. खोटं नाही दाबायचं."

बाईंनी उरलेले दोन त्याच्याकडून दाबून घेतले. ओळीतला बारावा तेवढा अर्धाच राहिला. मग त्यांनी फळ्यावर होडीचं पहिलं पान उघडलं आणि बाहेरून येणाऱ्या पोरांना हातानं दाराशीच थांबवलं. ओदील खुर्ची ओढून बापासमोर बसली, दोन्ही पाय हलवत. खिडकीबाहेर धुकं होतं. रोझेरनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं, घसा साफ केला आणि वाचायला लागला.